सही करण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका निवृत्त कामगार प्रतिनिधीने केलेले भाषण)



आज रविवार आहे. रविवार आहे म्हणूनच आपण सर्वजण या मंडपात निवांत बसू शकलो आहोत. हा सुट्टीचा रविवार कामगाराला कसा मिळाला, हे आज मी सांगणार आहे. पण त्याआधी माझ्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. कारण चिटणीससाहेबांनी माझी ओळख करून देताना ‘कामगार पुढारी, लेखक व समाजसेवक’ अशी तीन भारी विशेषणे लावली. ती मला पेलणारी नाहीत.

पुढारी मी कधीच नव्हतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका इंजिनियरिंग कारखान्यात मी १९७२ साली लागलो आणि २०११ साली तिथूनच निवृत्त झालो. त्यातील तेहेतीस वर्षे मी युनियनच्या कमिटीवर आमच्या खात्याचा प्रतिनिधी होतो. लेखक म्हणाल, तर मी आयुष्यात एकही पुस्तक लिहिलेले नाही. मी लिहिले ते अर्ज. रजेचे अर्ज, तक्रारअर्ज, प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज, विधवांच्या पेन्शनचे अर्ज. आणि समाजसेवा म्हणाल, तर तेच अर्ज रविवारी मोहल्ल्यात बसून फुकट लिहिले, एवढीच.

मग हे मी का करू लागलो? त्याची हकीकत मी सहसा सांगत नाही. सांगताना मान खाली जाते. पण इथे विद्यार्थी बसले आहेत, म्हणून सांगतो.

१९७६ सालची गोष्ट आहे. आमच्या प्रेस खात्यात ठेकेदाराच्या माणसांपैकी एक वयस्क हेल्पर होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. एके दिवशी दुसऱ्या पाळीत पॉवर प्रेसखाली त्यांचा उजवा हात सापडला आणि चार बोटे गेली. दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावले. मला अकरावी पास म्हणून बोलावणे आले. टेबलावर एक टाइप केलेला इंग्रजी कागद होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “पैसे मिळाल्याची पावती आहे. साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा.” चाचांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली गेली, कारण उजवा हात पट्टीत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी अंगठा उठवला आणि खाली मी सही केली.

तो कागद मी वाचला नव्हता. इंग्रजी मला अगदीच येत नव्हते असे नाही. अडखळत का होईना, वाचता आले असते. पण साहेब समोर बसले होते, बाहेर मशीन खोळंबले होते, आणि ‘वाचून पाहतो’ म्हणायची मला लाज वाटली.

पुढे कळले की, त्या कागदावर हात घरी पडून दुखावला असे लिहिले होते. म्हणजे कारखान्यात अपघात झालाच नाही! काही थोडे रुपये हातावर ठेवून चाचांना गावी पाठवले. त्यांच्या मुलाची शाळा सुटली व तो एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात कपबश्या धुऊ लागला. दोन वर्षांनी मी कमिटीवर आलो. ईएसआयच्या कार्यालयात, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या कार्यालयात, जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा माझे डोळे उघडले. कारखान्यात काम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाचा विमा उतरवण्याची जबाबदारीही मूळ मालकावरच असते. कामावर असताना अवयव गेला तर वैद्यकीय मंडळ तपासणी करते आणि नुकसानीच्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, तीही हयातभर. चाचांना ती मिळायला हवी होती. मी त्यांच्या वतीने अर्ज केला. उत्तरादाखल तोच जुना कागद पुढे आला. त्यावर साक्षीदार म्हणून माझीच सही होती.

मित्रहो, कायदा होता, कार्यालय होते, पैसे होते. नव्हता तो फक्त सही करण्यापूर्वी कागद वाचणारा माणूस. आणि तो माणूस मी होतो.

त्या दिवसांत युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी मला एक नाव सांगितले, नारायण मेघाजी लोखंडे. ते म्हणाले, “तू ठाण्यात राहतोस ना? मग हा तुझ्याच गावचा माणूस.” मी शोधून शोधून त्यांची माहिती वाचली. त्यातून मला माझे काम काय आहे ते समजले. म्हणून आज त्यांची ओळख तुम्हाला करून देतो.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घरची गरिबी होती. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपरची जागा म्हणजे बरी जागा. खुर्ची, टेबल, हिशेबाची वही. पण त्या खुर्चीवरून त्यांना गिरणीतला कामगार दिसत होता. त्या काळी गिरणी दिवस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. पगार कधी होईल याचा भरवसा नव्हता. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. पालकहो, नीट ऐका. सात वर्षांचे मूल, आणि नऊ तास काम! हीसुद्धा त्या काळी सुधारणा होती. मोठ्या माणसांसाठी तर तासांची मर्यादाच नव्हती.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले होते. पुढे ते चालवणे त्यांना कठीण झाले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालवायला घेतले. गिरणीतली नोकरी सोडली आणि लेखणी हाती धरली. शेतकऱ्याचे, कामगाराचे गाऱ्हाणे छापणारी पत्रे तेव्हा कितीशी होती! ज्यांच्यासाठी हे पत्र निघत होते त्यांतील बहुतेकांना ते स्वतः वाचता येत नव्हते. अशा वाचकांसाठी पत्र चालवणे हे केवढ्या चिकाटीचे काम असेल, याचा विचार करा.

१८८४ साली सरकारने मुंबईत फॅक्टरी कमिशन नेमले. त्या वेळी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि एक अर्ज तयार केला. त्या अर्जाला साडेपाच हजार कामगारांनी पाठिंबा दिला. त्यात पाच मागण्या होत्या. त्या मला तोंडपाठ आहेत.

पहिली : दर रविवारी सुट्टी मिळावी.

दुसरी : दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी.

तिसरी : काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे.

चौथी : पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा.

पाचवी : कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

ही पाचवी मागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही मिटून ठेवली. पुढे वाचवेना. चाचांचा हात डोळ्यांपुढे आला. त्यांच्या अपघाताच्या ब्याण्णव वर्षे आधी कुणीतरी त्यांच्यासाठी अर्ज लिहून ठेवला होता! त्या मागणीला कायद्याचे रूप यायला बराच काळ लागला. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला. इतक्या वर्षांच्या खटपटीने जे मिळाले, ते मी एका सहीने घालवले होते.

रविवारची सुट्टीही एका अर्जाने मिळाली नाही. अर्ज दिले, सभा झाल्या, पुन्हा अर्ज दिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारलेल्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली व मुलांचे किमान वय सातावरून नऊवर गेले.

दुपारचा तो अर्धा तास! आमच्या कारखान्यात त्याच अर्ध्या तासात आम्ही डबा खात असू, आणि आमच्यापैकी काहीजण कँटीनच्या मागच्या बाजूला चटई टाकून जोहरची नमाज अदा करीत. हा अर्धा तास कुणी मागून घेतला, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

लोखंडे यांनी आणखी दोन कामे केली. ती आपल्यासाठी महत्त्वाची आहेत. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यानंतर दोन्ही समाजांत समेट व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली, राणीच्या बागेत सभा भरवली. एकाच गिरणीत शेजारी-शेजारी काम करणारी माणसे एकमेकांची वैरी झाली तर त्यांच्या पोटाची भाषा बोलणार कोण, असा तो सवाल होता. आणि १८९६ साली मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे पळाले नाहीत. त्यांनी रुग्णांसाठी इस्पितळ उघडले, त्यांची सेवा केली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. निवृत्त होणे त्यांच्या नशिबी नव्हते. माझ्यासारखा माणूस पेन्शन घेतो आणि हार स्वीकारतो. त्यांना पन्नाशीही पाहता आली नाही.

खरे ते सांगितले पाहिजे. त्यांच्या संघटनेला आजच्यासारखी वर्गणी नव्हती, सभासदांचे रजिस्टर नव्हते. त्यामुळे अभ्यासक तिला आजच्या अर्थाने युनियन म्हणत नाहीत. ट्रेड युनियन कायदा तर १९२६ साली आला. पण विचार करा. पैसा नाही, कायद्याचा आधार नाही, संप लढवण्याची ताकद नाही. मग त्यांच्याजवळ काय होते? लिहिता येत होते. आणि ते लिहिणे त्यांनी स्वतःच्या बढतीसाठी वापरले नाही. २००५ साली सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक म्हणजे आजचा हा रविवार.

त्यांच्यापासून मी एवढेच शिकलो : ज्याला लिहिता येते, त्याने ज्याला येत नाही त्याच्यासाठी लिहावे. रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या ओट्यावर मी टेबल टाकू लागलो. ते आजही टाकतो. तिथे बसून जे शिकलो, त्यातले थोडे तुम्हाला देतो. एखादे पुस्तक बक्षीस दिले असे समजा.

विद्यार्थ्यांनो, चांगला अर्ज एका पानाचा असतो. वर तारीख, कोणाकडे, कोणाकडून. मग काय घडले, कधी व कुठे. शेवटी तुम्हाला नेमके काय हवे, ते एका वाक्यात. रडगाणे नको, शिवीगाळ नको. अर्जाची दुसरी प्रत काढा आणि कार्यालयात दिल्यावर त्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. मी कितीतरी खरी माणसे हरताना पाहिली, ती केवळ पोच नव्हती म्हणून.

पालकहो, आता तुम्हाला एक विनंती. माझ्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या अडचणी नावाच्या असतात. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. कुठे ‘शेख’ आधी, कुठे नंतर. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे नुसता ‘मो.’. मूल शाळेत घालताना घाईघाईने जे सांगितले जाते, ते साठ वर्षे त्याच्या मागे लागते. प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीत बाप आणि त्याचा कागदावरचा बाप जुळत नाही, म्हणून पैसे अडतात. तेव्हा शाळाप्रवेशाच्या दिवशी जन्माचा दाखला बरोबर न्या आणि रजिस्टरात त्यावरून अक्षर न् अक्षर नाव घाला. अर्ध्या तासाचे काम आहे, पण जन्मभर पुरते.

दुसरी गोष्ट. संसदेने २०१९ व २०२० साली एकोणतीस जुने कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले. मी ज्या कलमांचे आकडे पाठ केले होते, ते आता माझ्या उपयोगाचे नाहीत. आता पुन्हा वाचावे लागेल, आणि ते नव्या डोळ्यांनी वाचावे लागेल. आज आपली मुले मोटारसायकलवर घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतात, गोदामात ठेक्यावर उभी असतात. त्यांच्या हातात कागदसुद्धा नसतो. मोबाइलवर ‘मान्य आहे’ असे लिहिलेले एक बटण असते, ते दाबले की झाले. मुलांनो, तो अंगठाच आहे. शाई लावलेली नाही, एवढाच फरक.

आता शेवटचे सांगतो. मागच्या वर्षी एक बाई टेबलाशी आली. इमारतीत झाडूपोछा करणारी. तीन महिन्यांचा पगार थकला होता. मी नेहमीप्रमाणे कागद पुढे ओढला, तर ती म्हणाली, “भाईजान, अर्ज लिहून आणलाय. फक्त तपासून द्या.” अर्ज तिच्या मुलीने लिहिला होता. मुलगी नववीत, याच शाळेत. तारीख होती, रक्कम होती, मागणी एका वाक्यात होती. मी फक्त एक काना दुरुस्त केला. आईने सांगितले, की आठवीनंतर तिला घरी बसवायचे असे तिच्या वडिलांनी ठरवले होते. संस्थेच्या बाईंनी घरी येऊन समजूत घातली म्हणून ती शाळेत राहिली. पंधरा दिवसांनी पगार मिळाला. त्या घरात आता मुलीच्या शाळेविषयी कुणी काही बोलत नाही.

माझ्या तेहेतीस वर्षांच्या प्रतिनिधित्वात मला असा आनंद क्वचितच झाला. कारण मला कळले, की माझे टेबल आता बंद झाले तरी चालेल. १८९० साली ज्या दोन स्त्रिया दहा हजारांच्या सभेत उभ्या राहिल्या, त्यांना शाळा कुठली? तरी त्या बोलल्या. तुमच्या मुलींना शाळा आहे, बाई आहेत, ही संस्था आहे. त्यांना मधेच उठवू नका.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही शिकाल, नोकरीला लागाल, कुणी साहेबही व्हाल. एक दिवस तुमच्यासमोर टेबलावर कागद येईल आणि शेजारी एखादे चाचा उभे असतील. ते तुमच्याकडे पाहतील. त्या वेळी साहेब समोर असोत, मशीन खोळंबलेले असो, तुम्ही एवढेच म्हणा, “थांबा, मी वाचून पाहतो.”

ते चार शब्द मला तेव्हा म्हणता आले नाहीत. तुम्हाला म्हणता यावेत, एवढ्यासाठीच मी आज इथे आलो.